ह्यांची चटणी

"डॉक्टर साहब, पागल है या नहीं, बस इतना लिख दीजिए," असं सांगून पोलीस इन्स्पेक्टर पुन्हा एकदा निघून गेला, तेव्हा डॉक्टर नीलकंठांनी चष्मा काढून डोळे चोळले. एका शब्दाचं काम म्हणे. जणू माणूस म्हणजे काकडी, शेंडा चाखायचा आणि कडू की गोड ते सांगायचं.

माणूस होता अंबादास. लढाई सुरू झाल्यापासून कारखान्यात दोन-दोन पाळ्या ओढणारा, उभ्या जन्मात कुणाला अरे म्हणाला नव्हता. ब्लॅकआउटमध्ये त्यानं आपल्या फोरमनच्या डोक्यात पाना घातला. फोरमन विडी ओढत होता, आणि त्या ठिणगीनं तो पाकिस्तानी विमानांना खुणा करतोय, असं अंबादासचं म्हणणं. फोरमन वाचला. अंबादास जेलच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या नजरेखाली आला. उद्या कोर्टाला मत द्यायचं होतं. वेडा म्हटलं तर वेड्यांचं इस्पितळ, आणि तिथून परत कोण येतं? शहाणा म्हटलं तर तुरुंग.

पकडला तेव्हा त्याच्या खिशात जागरणाच्या गोळ्या सापडल्या होत्या. डॉक्टरांना हायसं वाटलं होतं. गोळ्यांचं वेड असेल तर गोळ्या बंद झाल्या की उतरतं, मग सुटकेचीही काही वाट निघते. पण आठवडा उलटला तरी वेड उतरायचं नाव घेईना. उलट चढतच होतं. आल्यापासूनच जेलच्या जेवणात विष आहे म्हणून तो ताटाला शिवत नव्हता. म्हणून तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनीच जेलरशी हुज्जत घालून घरच्या डब्याची परवानगी काढली होती.

तोच डबा घेऊन त्याची बायको अनसूया अधारताल वस्तीतून आली आणि व्हरांड्यात टेकली. डॉक्टरांचा उतरलेला चेहरा तिनं पाहिला.

"जेवले नाही वाटते तुम्ही. दोन घास खाऊन घ्या ना. इथं मराठीत बोलायला तरी कोण भेटते?"

नको नको म्हणेपर्यंत तिनं झाकणावर भाकरी ठेवली, शेजारी जवसाची चटणी वाढली. डॉक्टरांना खरंच भूक लागली होती. वाढलेली चटणी लगेच संपली. डब्यात आणखी एक लहान डबी होती, तीही चटणीचीच. त्यांनी तिकडे हात नेला, तशी तिनं घाईघाईनं डबी पदराखाली ओढली.

"ती नको. ती ह्यांची आहे."

आग्रह करकरून वाढणारी बाई चिमूटभर चटणी लपवते, हे डॉक्टरांना चमत्कारिक वाटलं. त्यांनी डबी मागून घेतली आणि बोटाच्या टोकावर चटणी चाखली. जवस, तिखट, मीठ, आणि त्याखाली एक कडवटपणा, जो जवसाचा नव्हता.

"यात काय घातलंय, अनसूयाबाई?"

"बेबीच्या गोळ्या," ती म्हणाली. हिंग घातलाय म्हणावं, इतक्या सहज. "कुटून टाकते."

बेबी तिची मुलगी. वर्गात घडीभर एका जागी बसत नसे. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तशी बसायला लागली, पास व्हायला लागली. ते पाहून अंबादासनं रात्रपाळीसाठी त्यातलीच एक घेतली. मग दोन. मग दुकानातून मागच्या दारानं.

"आणि तुम्ही इथं आणून देता? कशासाठी?"

"परीक्षा आहे ना ह्यांची," अनसूया म्हणाली. "आल्या आल्या नुसते झोपूनच होते. तुम्ही विचारून राहिले, अन् हे हूं नाही की चूं नाही. म्हटलं, असे झोपले तर नापास करतील. बेबीचं डोकं गोळीनंच तर ठिकाणावर आलं होतं."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. त्यांना संताप आला. या बाईचा, मागच्या दारानं विकणाऱ्या दुकानदाराचा, दोन पाळ्या केल्या म्हणून पाठ थोपटणाऱ्या साहेबांचा. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि कुंपणाला परवानगी त्यांनी स्वतःच काढून दिली होती.

"मग बेबीला काय देता?"

"ह्यांनाच पुरत नाहीत. ती काल शाळेच्या कौलांवर चढली होती." अनसूयेचे डोळे भरून आले. "हे औषध आहे का विष आहे, ते तरी एकदा सांगा मला."

तिलाही एकाच शब्दात हवं होतं. डॉक्टर दारावरच्या शिपायावर खेकसले, "इन्स्पेक्टर साहब से कहो, कल कुछ नहीं मिलेगा. कोर्ट से मोहलत माँगनी पड़ेगी."

"लेकिन वो तो पूछेंगे, साहब, पागल है या नहीं?"

"कहना, डॉक्टर पागल हो गया है."

त्यांनी डबी स्वतः नळाखाली धुतली, डब्यात उरलेली साधी चटणी तिच्यात भरली आणि अनसूयेला घेऊन आत गेले. अंबादास खाटेवर भिंतीला पाठ लावून बसला होता. त्यानं डबी नाकाशी नेली.

"ही ती नाही."

अनसूयेनं डॉक्टरांकडे पाहिलं. अंबादासनं डबा त्यांच्यापुढे सरकवला.

"आधी तुम्ही."

डॉक्टरांनी फरशीवर मांडी घातली, भाकरीचा तुकडा मोडला आणि चटणीला लावला. अंबादास पुढे वाकला. इतके दिवस डॉक्टर त्याच्या डोळ्यांत बघत होते, तसाच तो आता त्यांच्या डोळ्यांत बघत होता.

"सावकाश खा, डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. "मी पाहून राहिलो."