हिवराचं पान

इंटरनेटचा फोन पुन्हा तुटला तेव्हा मच्छिंद्रनं हात टेकले. "बाई, आज काय लाईन लागत न्हाई. चहा घ्या."

"परत लाव. अश्विनीचा ई-मेल आला असणार," दीपाबाई म्हणाल्या.

शेवगावात इंटरनेट मच्छिंद्रच्या कॉम्प्युटर क्लासमध्येच. शनिवारची शाळा सुटली की दीपाबाई वाडीवरून एसटीनं इथं यायच्या. कोल्हापूरकडच्या अश्विनी नावाच्या शिक्षिकेबरोबर त्या मुलांसाठी जंगल राखायचे पाठ तयार करत होत्या. पुण्याच्या एका संस्थेनं दोघींची गाठ घालून दिली, तीही ई-मेलवरच. लाईन तुटायच्या आत लिहायचं, म्हणून कामापुरतंच लिहायचं. आणि वाडीचं नाव परमुलखात कोण ओळखतंय? दीपाबाई आपल्या नावाखाली नुसतं 'शेवगाव' लिहायच्या.

मार्चमध्ये नगरला शिक्षण खात्याच्या साहेबांपुढं हे पाठ मुलांकडून करून दाखवायचे होते. पसंत पडले तर जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत लागणार. नाहीतर दोघींची वर्षाची मेहनत पाण्यात.

आणि दीपाबाईंच्या वर्गात पोरं उरली होती चार. बाकीची दिवाळी होताच आईबापांच्या मागं ऊसतोडीला गेलेली. पाटी-पेन्सिलीसकट पुष्पाही गेली. ही पुष्पा लई गुणाची. डोळे बांधून पान ओळखायच्या खेळात पान आधी दातांखाली चावायची, मग नाव सांगायची. दीपाबाई ओरडून दमल्या, पण तिचं एकही नाव कधी चुकलं नाही.

"चार पोरांवर जंगल वाचवता व्हय, बाई?" हेडमास्तर आप्पासाहेब हसून विचारायचे. दीपाबाईंना ते लागायचं.

अखेर लाईन लागली. अश्विनीनं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. "तुमचा पानांचा खेळ घेतला. काय सांगू! मी शिकवायच्या आधीच पोरं पटापट नावं सांगतात. पहाटेच उठतात बिचारी, तरी वर्गात डोळे कसे लखलखीत! नगरला पाच जणांना घेऊन येते."

दीपाबाईंचा जळफळाट झाला. पाण्याचा मुलुख तो! दूधतूप खाऊन, पहाटे उठून अभ्यास करणारी, बूट घालून शाळेत येणारी पोरं. त्यांचं कौतुक काय करायचं? आपल्या पोरांना पावसाळाभर टेकडीवर नेऊन शिकवलं, तेव्हा कुठं पानं ओळखता आली. तरी त्यांनी उत्तर लिहिलं, "वा! छान!" आपला वर्ग ओस पडलाय, हे मात्र लिहिलं नाही. तेवढा ताठा होताच.

मार्च उजाडला. दीपाबाई चार पोरं घेऊन निघाल्या आणि नेमकी वाटेत एसटी पंक्चर झाली. नगरच्या सभागृहात पोचल्या तेव्हा कार्यक्रम रंगात आला होता.

स्टेजवर पाच पोरं उभी होती. नवेकोरे गणवेश, डोळ्यांवर उपरणी बांधलेली. साहेब स्वतः एकेकाच्या हातात पान देत होते.

"खैर."

"धावडा."

"हिवर."

दारातच थबकलेल्या दीपाबाई चमकल्या. हिवर? कोल्हापूरकडच्या पोरांना आपल्या माळावरचा हिवर कसा ठाऊक?

एकही पान चुकलं नाही. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब माईकवर म्हणाले, "पाठ मंजूर! जूनपासून जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत!" दीपाबाईंचा ऊर भरून आला. जिंकलो! त्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. पण मनात कुठंतरी टोचलंच. तिथं आपली पोरं असती तर?

टाळ्या चालू असतानाच साहेबांनी हौसेनं आणखी एक पान पुढं केलं. कडेच्या मुलीनं ते दातांखाली चावलं.

दीपाबाईंचे हात टाळी वाजवतानाच थांबले.

"बोर," मुलगी म्हणाली.

"शाब्बास! हे सगळं कुणी शिकवलं गं तुम्हाला?" साहेबांनी कौतुकानं अश्विनीकडं बघत विचारलं.

मुलीनं डोळ्यांवरचं उपरणं ओढून काढलं, समोर पाहिलं आणि ती स्टेजवरूनच किंचाळली, "आमच्या बाईंनी! त्या काय, दारात उभ्या हायेत! बाई, ऊस सरला की आमी येतोच वाडीला!"