नववा रुमाल

फौजदारानं काठीनं खुर्च्या मोजल्या. नऊ खुर्च्या, नऊ रुमाल आणि त्यांवर माणूस एकही नाही.

"हा काय प्रकार आहे, बाई?"

"गिऱ्हाईक बसलंय," संयोगिता म्हणाली.

रात्रीचे पावणेबारा झाले होते. शिरोली रस्त्यावरच्या तिच्या परमिट रूमचं शटर अर्धं खाली ओढलेलं, आणि बाहेर फौंड्रीची दुसरी पाळी ताटकळत उभी. नवा हुकूम येऊन तीन महिने झाले होते. अकराच्या आत आलेल्यांनी साडेबारापर्यंत निवांत बसावं, अकरानंतर मात्र नव्या माणसाला दार बंद. ज्यानं कुणी तो काढला त्याला रात्री घरात गरम जेवण मिळत असणार, एवढं नक्की. दुसरी पाळी सुटते साडेअकराला. आठ तास भट्टीपुढं भाजून निघालेल्या माणसानं जेवायला कुठं जायचं, याचा त्या हुकमात पत्ताच नव्हता.

मग त्या गड्यांनीच तोड काढली. दुपारी कामावर जातानाच खुर्चीवर रुमाल टाकून जायचा. एस.टी.च्या खिडकीतनं रुमाल टाकला की सीट आपली, मग मागनं कोणी का येईना. हाच कायदा इथंही चालंल, असं त्यांना खरंच वाटलं होतं.

फौजदार नवा होता आणि तापट होता. याआधी दोन रिपोर्ट गेलेत, हा तिसरा, आणि तिसऱ्याला लायसन जातं, असं त्यानं ठणकावून सांगितलं. संयोगिताला ते पाठ होतं. त्या एका कागदावर तिचं घर आणि आत भाकरी थापणाऱ्या चार बायकांची घरं चालली होती.

तिनं कोपऱ्यातल्या टेबलाकडं बोट केलं. तिथं पांढऱ्या गाडीतनं आलेले चौघे साडेसातपासून पीत होते. त्यातला एकजण टेबलाखाली वाकून चप्पल शोधत होता आणि चप्पल त्याच्या पायातच होती.

"ह्यास्नी अजून पाऊण तास मुभा," ती म्हणाली. "आन् भट्टीवरनं आलेल्याला उपाशी हाकलायचं. कुठला न्याय म्हणायचा ह्यो?"

"न्याय कोर्टात मागा. मी हुकूम पाळतो."

केरबा म्हणजे भट्टीवरचा सगळ्यात जुना माणूस. त्यानं शटरखालनं वाकून सांगितलं की आम्ही एक थेंबही घेतलेला नाही, पाहिजे तर तोंडाचा वास घ्या, पण जेवू द्या. मागनं कोणीतरी शटरवर लाथ घातली. फौजदारानं आतनं तितक्याच जोरात काठी आपटली, तसा बाहेरचा गलका वाढला. एकजण तर थेट आईवर गेला.

मग फौजदार इरेला पेटला. त्यानं मागं उभ्या असलेल्या हवालदाराला, महांतेशला, पंचनामा लिहायला बसवलं. काठीच्या टोकानं एकेक रुमाल उचलायचा, कुणाचा म्हणून विचारायचं, बाहेरनं आवाज आला की नाव लिहायचं आणि रुमाल शटरखालनं रस्त्यावर भिरकावायचा. काळे, तेलकट, घामानं कडक झालेले आठ रुमाल गेले. बाहेर माणसंही आठच होती.

नववा रुमाल पांढरा होता. इस्त्री केलेला, चौघडी घातलेला.

"हा कुणाचा?"

केरबानं तोंड दुसरीकडं फिरवलं.

संयोगितानं महांतेशकडं पाहिलं. गडहिंग्लजकडचा माणूस, इथं एकटाच राहणारा. गेले दोन महिने ड्युटी सुटली की तो रोज इथंच जेवत होता. दारूला शिवत नव्हता, मटणालाही नाही. त्याच्यासाठी आख्खा मसूर वेगळा शिजायचा आणि तो तिला अक्का म्हणायचा. हुकमाला सगळ्यात जास्त शिव्याही त्यानंच घातल्या होत्या. आज साडेदहाला गस्तीवरनं जाताना तोच हा रुमाल टाकून गेला होता.

नाव तिच्या ओठांवर आलं होतं. ते घेतलं असतं तर फौजदारानं पंचनामा जागीच फाडला असता. स्वतःच्याच माणसाचं नाव वर कोण पाठवतो? पण त्यानं स्वतःहून बोलावं असं तिला वाटत होतं. अक्का म्हणतोस न्हवं, मग बोल की.

"काय लिहिलंस रे?" फौजदारानं विचारलं.

महांतेशनं मान वर केली नाही. "बेवारस, साहेब."

त्याच्या कपाळावरनं घाम ओघळत होता. हात सवयीनं खिशाकडं गेला, तसाच रिकामा परत आला, आणि मग त्यानं बाहीनंच तोंड पुसलं.

संयोगितानं कागदावर सही केली. पेन महांतेशच्या हातात न देता टेबलावर ठेवलं आणि आत गेली. बाहेर आठही जण रस्त्यावरचे रुमाल झटकून खांद्यावर टाकत होते. गाडीवाल्यांनी अजून एक बाटली मागवली.

ती परत आली ती हातात ताट घेऊन. दोन भाकरी, आख्खा मसूर, फोडलेला कांदा. पांढरा रुमाल अजून खुर्चीवरच पडलेला होता. तिनं ताट त्या रुमालासमोर ठेवलं.

"हे कुणाला?" फौजदार खेकसला.

"बेवारसाला," ती म्हणाली. "अकराच्या आत आलेला हाय, तुमच्या हुकमात बसतोय. गार व्हायच्या आत जेव म्हणावं त्याला."