गुडघ्यावरची रेघ

"डोळे मीट आणि सांग बघू, किती बोटं?" आई विचारायची. तो लहान होता, अंघोळ नुकतीच झालेली असायची आणि ओल्या पाठीवर आईची बोटं टेकलेली असायची. तो अंदाजाने ठोकून द्यायचा, तीन, नाहीतर पाच. "बरोब्बर!" आई म्हणायची. दर वेळी बरोब्बर. पाठ त्याची, बोटं आईची, आणि खरं-खोटंही आईचंच.

"डोळे मिटा," आता बायको म्हणाली.

त्याने मिटले. चार महिन्यांपूर्वी एका घराचं छत रंगवताना तो शिडीवरून पाठीवर पडला, तेव्हापासून बेंबीखालचं अंग गप्प होतं. बायको शिवणकाम करायची. रोज दुपारी ती मशीन थांबवून सुया खोचायच्या गादीतली एक सुई उपसायची आणि त्याच्या पोटापासून खाली खाली टोचत जायची. त्याचं 'हो' जिथे थांबेल तिथे निळ्या पेनने रेघ ओढायची. पहिल्या महिन्यात रेघ बेंबीपाशी होती. मग कमरेखाली आली, मग मांडीवर उतरली. काल ती गुडघ्याला टेकली होती.

आज बघायला पाहुणी होती. इस्पितळातून व्यायाम शिकवायला येणारी ताई मांडीवर अर्ज घेऊन स्टुलावर बसली होती. इस्पितळाच्या पुनर्वसन केंद्रात एक खाट रिकामी झाली होती. सोमवारपासून सहा आठवडे. चाकाच्या खुर्चीत आपलं आपण कसं बसायचं, लघवीचं कसं सांभाळायचं, ज्या कातडीला काही कळत नाही तिची राखण कशी करायची, हे सगळं तिथे शिकवणार होते. हो की नाही ते आजच सांगायचं होतं. मागे रांग होती.

"खुर्ची नकोच, ताई," बायको म्हणाली. "एकदा बसले की बसलेच. आमची रेघ रोज खाली सरकतेय. तुम्हीच बघा."

सुई मांडीवर टेकली.

"हो," तो म्हणाला.

दोन बोटं खाली.

"हो."

मग ती नुसतीच थांबली. मध्येच अशी फसवून बघायची तिची सवय होती. तो गप्प राहिला. पुन्हा सुई.

"हो."

"एकदाही चुकत नाहीत!" बायको ताईकडे वळली. "शाळेत असे हुशार असते तर साहेब झाले असते."

"साहेब होऊन काय करू? हा कमरेखालचा मजला भाड्याने द्यायचाय, त्याचं बघ आधी," तो म्हणाला. बायको हसली. ताई हसली नाही.

बायकोने कापडाच्या बेतणीच्या कागदावर प्रश्न लिहून ठेवले होते. ती एकेक विचारू लागली. मज्जारज्जू म्हणजे केवढा असतो? करंगळीएवढा जाड, ताई म्हणाली. करतो काय? मेंदूचा निरोप अंगाला पोचवतो, अंगाचा मेंदूला. मग हाड जुळलं, तो का नाही जुळत?

"हाडासारखा नाही तो जुळत, वहिनी. पण थोडा शाबूत राहिला असेल तर काही काही परत येतं. म्हणून तर आम्ही टोचून बघतो."

"मग येतंय की परत!" बायकोने कागदाची घडी घातली. तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

त्याला तो पहिला दिवस आठवला. त्याने पहिल्यांदा 'हो' म्हटलं, त्या संध्याकाळी ती मशीनवर बसून गुणगुणली होती. अपघातानंतर पहिल्यांदा. ती पोटभर जेवलीही होती. मग रोज एकेक 'हो' वाढत गेलं. त्यात खोटं बोलल्याचं काहीच वाटत नव्हतं त्याला. आताशा कशाचंच वाटत नसे. खिडकीबाहेरचं ऊन पायांवर येऊन पडे आणि तो ते दुसऱ्याच्या अंगणातलं ऊन बघावं तसं बघे.

चादर नीट करायला ताई वाकली आणि थबकली. डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला, रेघेच्या चांगलं वीतभर वर, तळहाताएवढा लाल डाग होता. मधोमध फोड आला होता, पाण्याने टम्म भरलेला.

"हे कधी भाजलं?"

"भाजलं?" बायको पुढे झाली. "भाजेल कसं? सकाळी शेकायची पिशवी ठेवली होती, पण..." तिने त्याच्याकडे पाहिलं. "चटका बसला असता तर बोलले असते ना हे."

ताईने फोडाला हात लावला नाही. पिशवीतून औषधी जाळी काढून तिने तो झाकला, पट्टी बांधली. "पुन्हा शेकू नका," एवढंच म्हणाली. मग फोन करायचा आहे म्हणून उठली. "जिन्यात आहे मी. आत आले की सांगा, हो की नाही."

दार लोटलं गेलं.

बायको खाटेच्या कडेवर टेकली. सुई अजून तिच्या चिमटीत होती. ती पट्टीकडे बघत राहिली, मग रेघेकडे, मग पुन्हा पट्टीकडे.

"बोलला असतात ना हो तुम्ही?"

तो आपल्या पायांकडे बघत होता. दोन्ही सरळ, जवळजवळ ठेवलेले, कुणी परत न्यायला येईल म्हणून सांभाळल्यासारखे.

"अहो, पिशवी गरम लागली असती तर बोलला असतात ना?"

"मला कळलीच नाही," तो म्हणाला. "पिशवी नाही, सुई नाही. एकदाही नाही. टोचायच्या आधी तू श्वास धरतेस, तो ऐकू येतो मला." मग तिच्याकडे वळून म्हणाला, "आत्ताही धरला आहेस. सोड."