बशीवरची फुंकर

फुफ्फुसात कोंडलेला कर्बवायू कसा निघाला, ते सविनय कथन करीत आहे. बिड्यांनी छाती पोखरलेले मार्केट यार्डातले हमाल हिंमतराव घरी प्राणवायूच्या यंत्रावर होते. भेटीस आलेल्या मेहुण्याने मायेपोटी प्राणवायूच्या प्रवाहाची कळ एक लिटरवरून पाचवर फिरविली. हिंमतराव गुंगू लागले. “ताई, बघ कशी शांत झोप लागली.” पत्नी मुक्ताईने कळ डॉक्टरांनी ठरविलेल्या एकवर परत आणली. “दाजींचा जीव घेतेस?” “आनंदा, नुसता प्राणवायू कोंबून भागत नाही. रक्तातला कर्बवायू फुफ्फुसाच्या पडद्यातून श्वासाबरोबर बाहेर पडायला हवा. यांच्यासारख्या छातीला प्राणवायू जास्त झाला, की तो आतच साचतो; मग माणूस उठत नाही.” तिने पतीस बसते करून चहाची बशी ओठांशी धरली. “अहो, फुंकर घाला. लांब घाला.” पहिली फुंकर बशीपर्यंत पोहोचली नाही. मग चहावर तरंग उठले. हळूहळू हिंमतरावांचे डोळे उघडले. “चहा पार निवला. भावालाच पाज आता.”

सुज्ञ वाचकांनी वेळ दिला, त्याबद्दल अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.
दत्तोबा गुलाबराव शेलार, विश्रांतवाडी, पुणे