शेगडीपाशी

पाळण्याखालून बाळ पलीकडे देता देता हर्षलाच्या छातीतून कानांपर्यंत आगीचा लोळ उठला, आणि ते सगळ्यांत आधी घराला कळलं. खिडक्या धाडकन उघडल्या, पंखे गरगरले, समई विझली.

“हर्षलाताई, घाबरू नका. दीर्घ श्वास घ्या,” भिंत सगळ्यांसमोर गोड आवाजात म्हणाली.

बारशाला जमलेल्या बायका वळून तिच्याकडे बघू लागल्या. बाळाच्या आईने, म्हणजे हर्षलाच्या नणंदेने, हसत हसत बाळ काढून घेतलं. “वहिनी, तू बस जरा. वारा लागेल त्याला.”

कॅन्सरमुळे अडतिसाव्या वर्षी हर्षलाचं गर्भाशय काढलं, अंडाशयंही काढली. पाळी एका दिवसात कायमची गेली आणि या गरम लाटा सुरू झाल्या. हॉर्मोनच्या गोळ्या तिला चालणार नव्हत्या, म्हणून दंडात अंगाचा ताप घराला कळवणारी चकती बसवली. तिचं अंग तापलं की घर गार व्हायचं.

“बंद कर रे हे,” ती नवऱ्याला किती वेळा म्हणाली होती.

“अगं, तुझ्याच सोयीसाठी आहे ना?”

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि गॅस मोठा करून तव्यापाशी उभी राहिली. शेगडी पेटलेली असली की घर तिचा ताप शेगडीच्या नावावर टाकायचं, हे तिला परवाच उमगलं होतं.

पुन्हा लाट आली. पाठ घामाने निथळली. पंखा हलला नाही, भिंत बोलली नाही.

“हर्षला, पुरे झाल्या गं पोळ्या! बाहेर गारव्याला ये की,” सासूबाईंनी हाक मारली.

कणीक संपत आली होती. हर्षलाने डबा ओढला आणि परातीत आणखी पीठ ओतलं.