लाल ठिपका

हॉस्पिटलमधून घरी आलो, तर टेबलावर माझा सिंथेसायझर नव्हता. "विकला, बाबा. चिडू नका, आधी हे बघा," म्हणत मुलाने लॅपटॉप उघडला. फोल्डरमध्ये कसल्याशा फाइली टाकल्या आणि संगीताचं सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केलं. स्क्रीनवर माझंच वाद्य उभं राहिलं. तोच सोल्डरिंगचा डाग, तेच झिजलेले नॉब. "विकण्याआधी फोटो काढून स्किन, म्हणजे वरचं रूप, बनवलं. आतलं सॉफ्टवेअर दुसऱ्याच सिंथचं आहे, पण दिसायला हुबेहूब ना? शिवाय जागाही मोकळी झाली." एका नॉबशेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपकासुद्धा होता. नॉब तिथवर फिरवला की बायकोचा आवडता आवाज यायचा, म्हणून तिनेच तो लावलेला. ती गेल्यापासून मी तेवढाच आवाज वाजवायचो. माउसने नॉब ठिपक्यापाशी नेला, पट्टी दाबली. भलताच आवाज आला. "छान," मी म्हणालो. "माझाही फोटो काढून ठेव, म्हणजे ही खोलीही मोकळी होईल."