शपथेतले सहाजण

डोंगराला वणवा लागला होता आणि नंदिगड्ड्याचे सहाजण देवळाच्या पारावर हाताची घडी घालून बसले होते.

सरकारने कुमरी बंद केली होती. डोंगराचा तुकडा भाजून नाचणी पेरायची नाही, असा हुकूम; आणि त्याच डोंगराला आग लागली की विझवायला मात्र गावची माणसं हवीत. येसाजीने ठरवलं, कुमरी मोकळी होईपर्यंत विझवायला जायचं नाही. महिनाभर घरोघर हिंडून, बोलघेवडे टाळून त्याने ही पाच माणसं निवडली होती. ही बसली तर गाव बसणार होतं. झिलूला घेताना तेवढा तो कचरला. कुणी डोळे वटारले तरी घाम फुटणारा माणूस. पण शपथ घेताना देवापुढच्या नारळावर झिलूनेच सगळ्यांच्या आधी हात ठेवला.

जंगलखात्याचा गार्ड धावत खाली आला. त्याची पगडी कुठेतरी पडली होती, मिशा होरपळल्या होत्या.

"उठा! वर बाई अडकलीय. झिलू, तुझी बायको, रुक्मा!"

कोणी हललं नाही. गार्ड रडेल, पाया पडेल, वाट्टेल ते सांगेल, तरी उठायचं नाही, असं येसाजीनेच त्यांना पढवलं होतं.

"लबाड बोलतोय त्यो," अर्जुन म्हणाला.

"रुक्मा वड्यावर गेलीया, धुण्याला," झिलू म्हणाला. म्हणाला खरा, पण बघत होता येसाजीकडे.

येसाजीने सकाळीच रुक्माला डोंगराची वाट चढताना पाहिलं होतं. लाकडं आणायला निघाली होती; खांद्यावर दोरी, हातात कोयता. पण आज हे सहाजण उठले तर कुमरी कायमची गेली, आणि गावात पुन्हा सहा माणसं जमणार नाहीत. एव्हाना उतरली असेल ती, त्याने मनाला बजावलं. आणि तो गप्प बसला. आपण किती हलकट होऊ शकतो, ते त्याला त्या घटकाभरात कळलं.

गार्ड सगळ्यांच्या तोंडाकडे बघत उभा होता. मग त्याने आग झोडपायला बाजूच्या झाडाची एक हिरवी डहाळी मोडली आणि एकटाच पुन्हा वर पळाला.

येसाजीला पुढे बसवेना.

"झिलू, ऊठ. ती डोंगरात गेलीया. म्या बघितलंय."

सगळे धावले. दुपारी त्यांनी तिला कांबळ्यात गुंडाळून खाली आणलं. गार्डचे दोन्ही हात भाजले होते.

ओढ्याकाठी तिला अग्नी देऊन सगळं आटोपेपर्यंत ऊन कलंडलं. माणसं एकेक करून घरी गेली. येसाजी थांबला. झिलू आता आपला गळा धरेल, याची तो वाट बघत होता. धरावा, असं त्याला मनापासून वाटत होतं.

झिलूने हातपाय धुतले, धोतराच्या सोग्याला पुसले. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला अजून धूर निघत होता. बराच वेळ तो तिकडे बघत राहिला.

"येसाजीदादा," तो म्हणाला, "उद्या पारावर कवा येऊन बसायचं?"